माशाचं तेल आणि चांदरीचा पान्हा

सूनबाई म्हणाली, आबा, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी म्हणालो, आजार माझा आहे, मीच लिहीन. तिसरीत असताना बापाने शाळेतून काढून म्हशींमागे लावलं, त्यामुळे अक्षर असं आहे. काना-मात्रा सूनबाईने नीट केल्या. बाकी एक शब्द तिला बदलू दिला नाही.

पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवर असे बरेच जण आहेत, ज्यांची छाती उगाच धडधडते, हात कापतात, डोळ्याला डोळा लागत नाही. बायका कधी बोलून तरी दाखवतात. आम्ही पुरुष माणसं मिसरी लावतो आणि गप्प बसतो. त्यांच्यासाठी लिहितो आहे. लिहितानाही थकायला होतं, म्हणून थोडं थोडं लिहिलं आहे.

आधी काय झालं

ज्या पावसात आमच्या भागातले डोंगर खाली आले, त्या पावसात माझ्या घरामागचाही एक तुकडा आला. आमची वाडी कापडे गावाच्या वर, चढणीला. माणूस कोणी गेलं नाही. गेला तो गोठा, आणि गोठ्यातल्या म्हशी. चांदरी तेवढी राहिली. ती व्यायला झाली होती, म्हणून तिला मी पडवीत बांधली होती. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांदरी.

दिवसाउजेडी झालं. मी समोर उभा होतो. वाटतं तेवढा आवाज नव्हता. चिखल उतरला, गोठ्यावरून गेला आणि थांबला. म्हशी ओरडल्यासुद्धा नाहीत. ज्याची जनावरं गेली आहेत त्याला हे कळेल, दुसऱ्याला सांगून उपयोग नाही.

भेटायला माणसं आली. म्हणाली, आबा खंबीर माणूस हाय, डोळ्यातून टिपूस काढला नाय. मला ते ऐकून बरं वाटलं. तेवढंच काय ते बरं वाटलं.

दसऱ्याच्या सुमाराला सुरू झालं. शेळीच्या पायाखालून दगड घरंगळला तरी छातीत ढोल वाजायचा. जेवताना घास फिरायचा. आडवा झालो की वाटायचं आता काहीतरी येणार, म्हणून पडवीत चांदरीशेजारी घोंगडी घेऊन बसून राहायचो. म्हातारीने, म्हणजे माझ्या बायकोने, मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. असा ठसका उठला की दोघं खोकत अंगणात आलो.

"दृष्ट नाय," ती डोळे पुसत म्हणाली. "दृष्ट असती तर ठसका लागला नसता."

"मग काय हाय?"

"तुमचं तुम्हाला ठाऊक," म्हणाली आणि आत गेली.

पोलादपूरच्या स्टँडवर

चांदरीचं दूध मी स्टँडाजवळच्या चहाच्या हॉटेलात घालतो. त्या दिवशी डोंगर उतरून कापड्याला जीप धरली, पोलादपूरला उतरलो आणि पुढचं नीट आठवत नाही. घाम फुटला, हातापायात मुंग्या आल्या, श्वास वरच्या वर राहिला. किटली हातातून गेली. दूध रस्त्यावर, मी दुधाशेजारी.

एवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं. कोणीतरी म्हणालं, "सकाळी सकाळी चढलीय म्हाताऱ्याला."

मी आयुष्यात दारू शिवलो नाही. मरताना कानावर हे पडणार, याचं मला मरणापेक्षा वाईट वाटलं.

हॉटेलवाल्याने जीपमध्ये घालून महाडच्या दवाखान्यात पोचवलं. छातीला थंड थंड वाट्या चिकटवल्या, हातापायाला चिमटे लावले, मशीनमधून कागदाची पट्टी निघाली. डॉक्टरीणबाई माझ्या सुनेच्या वयाच्या. पट्टी बघून म्हणाल्या, "आबा, हृदय छान आहे तुमचं."

"मग ढोल कोण वाजवतंय?"

त्या हसल्या. "मनावर फार ताण आला की शरीर असं वागतं. छाती धडधडते, दम लागतो, झोप जाते. खरा त्रास आहे हा. पण हृदयाचा नाही."

"मला ताण नाय. ती मुंबईवाल्यांची दुखणी."

"कशाची भीती वाटते का?"

"बिबळ्याच्या तोंडातून पारडू सोडवून आणलंय मी, बाई."

"ते कधी?"

"मोप वर्षं झाली."

"मी हल्लीचं विचारते आहे."

मी भिंतीकडे बघितलं. खरं सांगतो, हार्ट निघालं असतं तर मला सोपं गेलं असतं. हार्टला मान आहे. ताण म्हणजे काय? म्हणजे हा म्हातारा उगाच पडला, असंच ना?

खाटेवर

दोन-तीन दिवस ठेवून घेतलं. तेवढे दिवस चांदरीचं दूध तिचं पारडूच प्यालं. ज्याने उभा जन्म उघड्यावर काढला त्याला दवाखान्याचं छत छातीवर येतं. पहाटे झाडूवाली, मग चहा, मग सिस्टर दंडाला पट्टा आवळणार. पट्टा आवळला की धडधड वाढायची, धडधड वाढली की सिस्टर पुन्हा पट्टा आवळायची.

"आबा, श्वास सोडा. मी काय तुमची म्हैस चोरायला आले नाही."

ही तिची मस्करी. पण म्हैस हा शब्द निघाला की मला बरं वाटायचं. तिने ते ओळखलं होतं बहुतेक, रोज काहीतरी विचारायची. दूध किती देते, मारकी आहे का, नाव काय. अशा माणसांचे उपकार फिटत नाहीत.

शेजारच्या खाटेवर वरंधचे एक गृहस्थ होते. त्यांना खरा अटॅक आलेला. भेटायला रीघ, नारळपाणी, सफरचंदं. त्यांनी विचारलं, "पाव्हणं, तुमचं काय?"

मी म्हणालो, "हार्टच."

ते खूश झाले. मला एक सफरचंद दिलं. मी खाल्लं.

माझा मुलगा नामदेव महाडच्या एमआयडीसीत कामाला आहे, बिरवाडीला खोली करून राहतो. तो आणि सूनबाई आलटून पालटून यायचे. सोडायच्या दिवशी सूनबाईने विचारलं, "मॅडम, माशाच्या तेलाच्या गोळ्या मिळतात ना, त्या ताणावर चांगल्या म्हणतात. आबांना देऊ का?"

बाई म्हणाल्या, "द्या. काहींना थोडा आधार होतो, काहींना काही फरक पडत नाही, म्हणून फार आशा ठेवू नका. मी दिलेल्या गोळ्यांच्या जागी ते नाही. झोप, चालणं आणि कोणाशी तरी बोलणं, याच्या जागी तर नाहीच. रक्त पातळ करायची गोळी चालू असती तर मी आधी विचार केला असता. यांना नाही, हरकत नाही."

शेवटचं मुद्दाम लिहिलं आहे. कोणी माझं वाचून परस्पर घेऊ नये, विचारून घ्यावं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना नामदेव म्हणाला, "आबा, शिमग्यापर्यंत बघू. बरं वाटलं नाही तर म्हैस विकायची आणि आय आणि तुम्ही बिरवाडीला यायचं."

"चांदरीला बी आण. तिसऱ्या मजल्यावर बांध."

"आबा, मस्करी नाही."

मी मस्करी करत नव्हतो. वाडीवर मी म्हशींचा आबा. चांदरी गेली की मी बिरवाडीच्या गॅलरीत खुर्चीवर ठेवलेला नुसता म्हातारा. त्या दिवसापासून धडधडीला आणखी एक कारण झालं.

गोळी

सूनबाईने महाडच्या मेडिकलमधून बाटली आणली. गोळ्या मधासारख्या पिवळ्या, आरपार दिसणाऱ्या, चांगल्या बोटाच्या पेराएवढ्या. पहिली तिच्यासमोर घेतली. घशात अडकली, ठसका लागला, नाकातून पाणी आलं. तिने पाठीवर थापट्या मारल्या, लहान पोराला मारतात तशा. मी म्हणालो, आता मी माझी घेत जाईन, कोणी समोर बसायचं नाही.

दुसऱ्या दिवशी विचार केला. डॉक्टरीण म्हणते दुखणं मनात आहे. मन म्हणजे डोकंच ना? मग तेल पोटात कशाला? आमच्याकडे डोकं तापलं, झोप उडाली, की टाळूवर तेल भरतात. माझ्या आईने मला भरलं, म्हातारीने पोरांना भरलं. गोधडी शिवायची सुई घेतली, गोळीला टोचली, तेल टाळूवर जिरवलं आणि वरून मुंडासं बांधलं. रोज तसंच. साल चुलीत.

आता आमच्या घरातली एक रीत सांगतो. धार काढणाऱ्याने मासळी खुशाल खावी, पण खाऊन तसंच जनावराला हात लावायचा नाही. राखेने हात घासून मगच दावणीला जायचं. ती रीत मी चुकवली नाही. तेल लावून झालं की राखेने हात असे घासायचो की कातडी निघावी.

पण धार काढताना माणूस कपाळ कुठे टेकवतो? म्हशीच्या कुशीला. चाळीस-पन्नास वर्षं टेकवतो आहे. मुंडासं तिच्या नाकापासून हातभर. हे माझ्या डोक्यात आलं नाही.

वास मला येत नव्हता असं नाही. पण चुलीवरच्या शिंकाळ्यात सुकट कायमची टांगलेली. म्हातारी मांजरावर चिडायची, म्हणायची सुकटीला तोंड लावलंय मेलीने. मी ऐकून घ्यायचो. मी पडवीत, ती आत, त्यामुळे माझ्या डोक्यापर्यंत तिचं नाक पोचलं नाही.

चांदरी फिरली

आधी नुसती हुंगून फुरफुरली. मग मी बसलो की अंग काढून घ्यायला लागली. मग पान्हा चोरायला लागली. पारडू लावलं की सोडायची, मी बसलो की वर ओढून घ्यायची. एक दिवस चरवीला लाथ.

ज्या म्हशीने माझ्याशिवाय कोणाला कासेला हात लावू दिला नव्हता, ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

माझा बाप सांगायचा की जनावराला आधी कळतं. धन्याचे दिवस भरत आले की ते हळूहळू त्याच्यापासून सुटायला लागतं, म्हणजे मागे त्याला जड जात नाही. त्याची लाडकी म्हैस अशीच फिरली होती आणि त्याच आषाढात तो गेला. हे मी डोळ्यांनी बघितलेलं.

म्हणून मी समजलो. डॉक्टरीण काही म्हणो, मशीन काही म्हणो, चांदरीला कळलंय.

त्यानंतरचे दिवस मला लिहायला नको वाटतात. डोंगर उतरला तेव्हा इतका दमलो नव्हतो. धडधड होती, पण आता मी तिच्याशी भांडत नव्हतो. म्हातारी जेवायला हाक मारायची, मी म्हणायचो ठेव. चांदरीसमोर बसायचो, ती तोंड फिरवायची. तिला काय बोलणार?

कापड्याच्या दुकानातून मीच नामदेवला फोन लावला. "गिऱ्हाईक बघ," म्हणालो.

पलीकडे तो भांडायच्या तयारीत असणार बिचारा. ते सोडून म्हणाला, "आबा, बरं वाटत नाही का?"

"म्हैस इकायची हाय. बस."

गिऱ्हाईक

नामदेव आणि सूनबाई आदल्या दिवशी आली. सकाळी कापड्याचा एक शेतकरी आला, माझ्याच वयाचा, तोंडाने फटकळ. म्हैस चोहोबाजूंनी बघितली, दात बघितले, शिंगं हलवली. म्हणाला, "आबा, धार काढून दावा."

रिवाजच आहे. धार बघितल्याशिवाय कोण घेईल?

मी बसलो. कपाळ टेकवलं. चांदरी अशी उसळली की चरवी एकीकडे, मी एकीकडे आणि मुंडासं शेणात.

"लाथरी हाय," गिऱ्हाईक म्हणाला. "फुकट दिलीत तर नेतो."

तेव्हा म्हातारी आतून अशी आली की मी तिला तशी कधी बघितली नव्हती. "कोन लाथरी? तुझ्या सात पिढ्यांत अशी म्हैस बघितली व्हतीस का रे?" त्याला बोलत बोलत ती मला उठवायला वाकली. काखेत हात घातला. आणि थांबली. माझ्या डोक्याशी नाक आणलं. पुन्हा आणलं.

"अवो," ती म्हणाली, "डोक्याला बोंबील चोळलाय काय?"

सूनबाईने आधी पडवीच्या कोनाड्यातल्या बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आबा, गोळ्या... गिळायच्या असतात."

"ठाऊक हाय मला," मी म्हणालो.

आणि म्हातारी हसायला लागली. शेणात बसून, पदर तोंडाला लावून, डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसली. डोंगर आल्यापासून तिला हसताना बघितलं नव्हतं. मधेच ते हसणं रडणं झालं आणि परत हसणं झालं. "मी मांजराला मारत व्हते," एवढंच म्हणत राहिली.

मग तिने मला अंगणातल्या दगडावर बसवलं आणि परक्या माणसासमोर माझं डोकं धुतलं. ताक, राख, शिकेकाई, परत राख. मी मान खाली घालून बसलो. माझ्यासारख्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. तिची बोटं मात्र हळू होती. नामदेवने पाणी ओतलं.

डोकं सुकल्यावर तिने धुतलेलं फडकं बांधून दिलं. मी चांदरीजवळ गेलो. तिने हुंगलं. खूप वेळ हुंगलं. मी कपाळ टेकवलं आणि वाट बघितली. तिचं अंग गरम होतं. पोटातून एक मोठा श्वास निघाला, आणि पान्हा उतरला. चरवीत धारेचा आवाज आला.

गिऱ्हाईक मागून म्हणाला, "आता घेतो. चांगला भाव देतो."

नामदेव माझ्याजवळ उकिडवा बसला. हळू आवाजात म्हणाला, "आबा, म्हशीचं कळलं. तुमचं काय? तिने दूध दिलं म्हणून तुम्हाला झोप लागणार आहे का?"

पोरगं खरं बोलत होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलेलं तेच हे. चरवी अर्धी झाली होती. कपाळ म्हशीच्या कुशीला होतं, तोंड कोणाला दिसत नव्हतं, म्हणून बोलता आलं.

"मला डोंगराची भीती वाटते," मी म्हणालो. "रात न दिवस. छपरावर पान पडलं तरी वाटते. मी हितं जन्मलो आनि मला हितं बसवत नाय."

धार तेवढी चालू होती. मग म्हातारीचा आवाज आला.

"मला बी वाटते."

"मग बोललीस का नाय गो?"

"तुम्ही खंबीर. तुम्ही बोलाल म्हनून थांबले व्हते."

नामदेव उठून अंगणाच्या कडेला गेला आणि पाठ करून उभा राहिला. बिरवाडी, बिरवाडी म्हणून तो का मागे लागला होता, ते मला तेव्हा समजलं. त्यालाही वाटत होती.

थोड्या वेळाने गिऱ्हाईकाने टोपी सारखी केली. "तुमचा वर माळावर वरीचा तुकडा हाय ना? मागं डोंगर नाय, काय नाय. हितलं घर सोडवा, मेढी-खांब तिथं न्या. म्हैस कशाला इकता?" जाता जाता वळून म्हणाला, "आनि आबा, ते डोक्याचं तेल जरा मला द्या. सासुरवाडीची मानसं आली की लावीन."

म्हातारीने त्याला चहा दिल्याशिवाय सोडला नाही.

आता

शिमगा झाल्यावर मेढी, कौलं, पत्रे सगळं माळावर नेलं. नामदेवने सुट्टी काढली, वाडीतली माणसं आली. वाऱ्याचं घर आहे, पण मागे उघडं आभाळ आहे. पावसाळ्यात धो धो लागला की आम्ही दोघं बिरवाडीला जातो, चांदरीला कापड्याला त्याच गिऱ्हाईकाच्या गोठ्यात ठेवतो. एवढं मी मान्य केलं. सगळं आपल्या मनासारखं होत नाही.

डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या हळूहळू त्यांनीच बंद केल्या. माशाचं तेल अजून घेतो. आता गिळतो, केळ्याच्या घासातून. ढेकर आली की बंदरावर बसल्यासारखं वाटतं. त्याने किती गुण आला, माळावर आल्याने किती, बोलल्याने किती, मला सांगता येणार नाही, आणि जो छातीठोक सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. धडधड अजून येते. पूर्वीसारखी फरफटत नेत नाही. ती आली की मी म्हातारीला सांगतो, आली. ती म्हणते, बसा. मग दोघं बसतो. थकवा मात्र आहे, तो आता माझ्याबरोबरच जाईल.

ज्याला हे होतं त्याने महाडला जावं, मशीन लावून घ्यावं, आणि डॉक्टरने भीतीचं विचारलं तर बिबळ्याची गोष्ट सांगू नये.

सकाळी धारेला जाताना म्हातारी उंबऱ्यात उभी असते. मी मुंडासं काढतो आणि मान खाली घालतो. गावात मी कोणापुढे मान घातलेली नाही. ती माझ्या टाळूला नाक लावते, हुंगते, आणि मुंडासं परत डोक्यावर ठेवते.

"जावा," म्हणते. "वाट बघतेय ती."